पेपर आपल्याला ओळखतो का?

मागच्या महिन्यात पुण्याच्या लोकलमध्ये शाळेतली एक मैत्रीण भेटली. ती तळेगावला एमबीबीएस करतेय. तिच्या बॅचमध्ये म्हणे एकच चर्चा होती: डॉक्टरकीच्या लायसन्सची परीक्षा कॉम्प्युटरवर असली की प्रश्न आपोआप सोपे-अवघड होत जातात. "म्हणजे अवघड प्रश्न आला की समजायचं आपलं बरोबर चाललंय, हो ना? तू इंजिनिअर, तूच सांग!" मला काही सांगता आलं नाही. होस्टेलवर येऊन वाचलं, ते इथे मांडतो.

मित्रांनो, यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. आपल्यापैकी बहुतेकांनी एमएचटी-सीईटी कॉम्प्युटरवर दिली. पण तो पेपर आधीच ठरलेला होता. कॉम्प्युटर फक्त कागदाच्या जागी होता. 'अ‍ॅडॅप्टिव्ह' परीक्षेत मात्र पुढचा प्रश्न आपल्या आधीच्या उत्तरांवरून निवडला जातो.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना हे लगेच कळेल. सक्सेसिव्ह अ‍ॅप्रॉक्सिमेशनचा एडीसी आठवा. आधी निम्म्या व्होल्टेजशी तुलना. त्याहून जास्त असेल तर वरच्या अर्ध्याचा मध्य, नाहीतर खालच्या अर्ध्याचा. २५६ पातळ्यांमधून नेमकी एक शोधायला ८ तुलना पुरतात. परीक्षाही तशीच: उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न थोडा अवघड, चुकलं की थोडा सोपा. फरक इतकाच, की माणूस तुक्का मारतो, कधी येत असलेलंही चुकवतो. म्हणून ८ प्रश्नांत भागत नाही. शिवाय प्रत्येक प्रश्न किती अवघड आहे, हे आधी पुष्कळ मुलांवर तपासून ठरवावं लागतं.

अमेरिकेत नर्सिंगच्या लायसन्सची एनक्लेक्स परीक्षा १९९४ पासून अशीच होते. २०२३ पासून त्यात कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न असतात. उमेदवार पासच्या रेषेच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री झाली की कॉम्प्युटर परीक्षा थांबवतो. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही.

डॉक्टरांचं काय? तिथलीच यूएसएमएलई १९९९ मध्ये कॉम्प्युटरवर आली, पण ती अ‍ॅडॅप्टिव्ह नाही. आपल्याकडे परदेशात शिकून आलेल्यांना एफएमजीई द्यावी लागते: ३०० प्रश्न, पासला १५० गुण. तीही कॉम्प्युटरवर, पण ठरलेल्या पेपरची. आणि महाराष्ट्रात शिकलेल्यांचं? नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची अंतिम परीक्षा, वर्षभर इंटर्नशिप, मग महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी. वेगळी लायसन्स परीक्षाच नाही. २०१९ च्या नॅशनल मेडिकल कमिशन कायद्यात 'नेक्स्ट' परीक्षा आहे, पण तिची अंमलबजावणी लांबत गेली.

खरी मेख इथेच आहे. लायसन्सला फक्त एक रेषा लागते: हा माणूस पेशंटला हात लावण्याइतका तयार आहे की नाही? या प्रश्नाला अ‍ॅडॅप्टिव्ह पद्धत छान बसते. पण कायद्याने 'नेक्स्ट'वर लायसन्स आणि पीजीचा प्रवेश, अशी दोन्ही ओझी टाकली आहेत. प्रवेशाला रँक लागतो, आणि रँक म्हटला की प्रत्येकाला वाटतं, सगळ्यांना तोच पेपर हवा. २०२४ मध्ये नीट-पीजी नुसती दोन शिफ्टमध्ये झाली, तर नॉर्मलायझेशनवरून केवढा गदारोळ! ३० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने एकच शिफ्ट घ्यायला सांगितलं आणि ती ३ ऑगस्टला तशी झाली. दोन पेपरांवर विश्वास बसत नाही, तिथे प्रत्येकाला वेगळा पेपर दिला तर काय होईल? गणित बरोबर असून भागत नाही. ज्याचा नंबर हुकतो त्यालाही ते पटावं लागतं.

तर मैत्रिणीला माझं उत्तर असं: सध्याच्या तुमच्या परीक्षांत अवघड प्रश्न आला तर तो फक्त अवघड प्रश्न असतो. त्यातून शुभ-अशुभ काही शोधू नकोस. अडलीस तर पुढच्या प्रश्नाकडे जा. सोपे गुण तिथे वाट बघत असतील. पेपर तुला ओळखत नाही. तू मात्र त्याला नीट ओळख!