न जाणारा थकवा : सलाईनला पैसे, की बदली माणसाला?

चिकुनगुनियाचा ताप उतरतो, पण काही माणसं सहा-सहा महिने उठत नाहीत. झोप होते, तरी सकाळी अंग गळालेलं. हिशेब चुकतो, दूध उतू जातं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "ताकदीचं सलाईन लावून घे." एका बाटलीमागे साधारण 400 ते 800 रुपये जातात. तीत असतं मिठाचं किंवा साखरेचं पाणी आणि थोडी बी जीवनसत्त्वं. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं नसेल, तर हा खर्च वाया. सलाईनमध्ये स्टिरॉइड घातलं असेल तर दोन दिवस तरतरी येते, साखर वाढते आणि आजार तिथंच राहतो. बाटलीत काय घातलं, हे लिहून मागा.

पैसे आधी तपासणीवर घाला. असा न जाणारा थकवा म्हणजे क्रॉनिक फटिग सिंड्रोम असू शकतो. तो दाखवणारी एकही रक्तचाचणी नाही; बाकीची कारणं वगळूनच निदान होतं. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, यकृत, मूत्रपिंड आणि बी-12 एकदा बघून घ्यावं. खासगी लॅबमध्ये हे सगळं साधारण 2000 ते 3000 रुपयांत बसतं. त्यात एकट्या बी-12चेच 600 ते 1200. बारामतीजवळच्या सणसर गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि सार्वजनिक आरोग्य विभागाच्या इतर दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर, तपासणी, उपचार मोफत आहेत. तेव्हा सुरुवात तिथून करा आणि तिथं न होणाऱ्या चाचण्यांपुरताच खिसा उघडा. संध्याकाळी ताप, वजन घटणं, खोकला असेल तर थुंकीची तपासणीही तिथं फुकट होते. आडवं असताना आणि मग दहा मिनिटं उभं राहिल्यावर नाडी व बीपी मोजून घ्या. याला पैसे पडत नाहीत, पण उभं राहिलं की चक्कर का येते ते कळू शकतं. एमआरआय मात्र डॉक्टरांनी कारण सांगितल्याशिवाय नको.

अहवाल सगळे चांगले आले की दुसरा सल्ला सुरू होतो : "रोज थोडं चालत जा, वाढवत ने." खरा वाद इथं आहे. 2011 साली लॅन्सेटमध्ये छापलेल्या 'पेस' चाचणीने टप्प्याटप्प्याने वाढवलेल्या व्यायामाचा फायदा दाखवला होता. रुग्ण आणि संशोधक त्यावर वर्षानुवर्षं भांडले. ऑक्टोबर 2021 मध्ये ब्रिटनच्या 'नाईस' संस्थेने हा उपचार मार्गदर्शनातून काढला आणि समुपदेशन आधारापुरतं ठेवलं. मला हेच पटतं, कारण या आजाराची खूणच अशी की काम केल्यावर माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोसळतो. बारा आणे शक्ती असेल तर आठ आणेच खर्चायची. दमायच्या आधी थांबायचं, दमल्यावर नाही.

सणसरमध्ये हे सांगणं सोपं, पाळणं अवघड. आषाढात तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो. पाहुणे, भाकरी, धुणं. दोन दिवस राबून आठवडाभर अंथरुणाला खिळलेली सून घरात असेल, तर त्या दिवसांपुरती भाकरीला बाई लावा. शेतातल्या खुरपणीला रोजाने एक माणूस घ्या, 300 ते 400 रुपये. सलाईनच्या एका बाटलीच्या पैशांत खुरपणीचा एक दिवस भागतो आणि विश्रांती खरी मिळते. सासूबाईंना हे पटवणं हा वेगळा खर्च!

महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण तपासणीची बिलं तीत धरू नका. क्रॉनिक फटिग सिंड्रोम बरा करणारं असं एकही औषध नाही, त्यामुळे 'हमखास बरं करतो' म्हणून 15-20 हजारांचा कोर्स विकणाऱ्याला नमस्कार करून निघा. झोप आणि अंगदुखी यांवर मात्र डॉक्टर स्वस्त औषधं देऊ शकतात. नावं जेनेरिक लिहून घ्या, जनऔषधी केंद्रात ती बऱ्याच कमी दरात मिळतात. पुण्याला विशेषज्ञांकडे जायची वेळ आलीच, तर फी 1000 ते 1500 धरा आणि बारामती स्टँडवरून सुटणारीच गाडी घ्या. महिलांना अर्धं तिकीट आहेच, पण मधल्या थांब्यावर चढून पुण्यापर्यंत उभं राहावं लागलं, तर पुढचे चार दिवस गेले.