सातबाऱ्याचें नवें दप्तर व खाडीकांठचा बागाईतदार

दाभोळच्या खाडीकांठीं, वासिष्ठीच्या उत्तर तीरावर, डोंगरउतरणीचीं आंब्या-काजूचीं कलमें आणि सखल भागांतील माड-पोफळी यांवर ज्यांचा चरितार्थ चालतो, अशा आमच्या बंधूंस या महिन्यांत आम्ही पिकाविषयीं नव्हे, कागदाविषयीं चार गोष्टी सांगणार आहों. झाड वाढविण्यास वर्षें लागतात. तें सरकारदप्तरीं दाखल करण्यास अर्धा दिवसहि पुरतो. तरी पहिली मेहनत सर्वजण करतात व दुसरी फार थोडे, असें आमच्या पाहण्यांत आहे.

सातबारा हा शब्द सर्वांच्या तोंडीं असतो, परंतु तो एक कागद नसून दोन आहेत, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. मुंबई इलाख्यांत 1903 सालच्या कायद्यानें हक्कनोंदणीची पद्धत सुरू झाली व पुढें गांवच्या हिशेबाचे नमुने क्रमांक देऊन ठरविण्यांत आले. त्यांपैकीं नमुना सात यांत जमीन कोणाची, तिजवर बोजा कोणाचा, कुळाचा किंवा इतर हक्क कोणता, हें असतें. नमुना बारा यांत त्या जमिनींत प्रत्यक्ष काय उभें आहे, हें दरसाल लिहिलें जातें. या दोहोंच्या मागें नमुना सहा, म्हणजे फेरफाराची वही, उभी असते. फेरफार मंजूर झाल्यावांचून सातमधील एक अक्षरहि बदलत नाहीं. आमच्या बाजूच्या अनेक गांवांत 1949 च्या खोती निर्मूलन कायद्यापर्यंत दप्तरापेक्षां खोताच्या शब्दास वजन अधिक होतें. कागदाविषयींची आमची उदासीनता कांहीं अंशीं तेथूनच आलेली असावी, असा आमचा तर्क आहे.

हेंच दप्तर आतां संगणकावर गेलें आहे. शेजारच्या कर्नाटकांत ‘भूमी’ या नांवानें हें काम 2000 सालीं सुरू झालें (बेळगांवकडील मराठी शेतकऱ्याच्या हातीं तो उतारा कन्नडांत पडतो, ही गोष्ट वेगळी). आपल्याकडे 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला. पंधरा रुपये भरले म्हणजे तो घरबसल्या निघतो व सरकारी आणि कायदेशीर कामास चालतो. जो उतारा फुकट पाहावयास मिळतो तो केवळ माहितीसाठीं असून कामास चालत नाहीं, एवढा फरक ध्यानांत ठेवावा. मुंबईंत गिरगांवांत वा लालबागेंत बसलेल्या चाकरमान्यास आपल्या गांवच्या हिश्शाचा उतारा त्याच क्षणीं पाहतां येतो, हा लाभ लहान नव्हे. पूर्वीं याच कामासाठीं रजा काढून, होळी-गणपतीचा मुहूर्त साधून, तलाठ्याची गांठ घ्यावी लागे. (तलाठ्यास 2024 पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आम्ही सोयीसाठीं जुनेंच नांव वापरतों.)

परंतु यंत्र जुन्या वहींत होतें तेंच दाखवितें. वहींत आजोबांचें नांव असेल तर पडद्यावरहि आजोबांचेंच येणार. कोंकणांतील उताऱ्यांवर एकेका हिश्श्यास दहा-पंधरा नांवें असणें नवें नाहीं. त्यांतील कित्येक दिवंगत, कित्येक परगांवीं स्थायिक. नुकसानभरपाई असो वा फळबागेचें अनुदान असो, अशा सामाईक जमिनींत इतर सहहिस्सेदारांचें संमतिपत्र मागितलें जातें आणि मृताची संमति कोणी आणावी? म्हणून वारसनोंद हें पहिलें काम होय. हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास कळवावें, असें 1966 च्या जमीन महसूल संहितेचें कलम 149 सांगतें. सरकारनें 2025 सालच्या एप्रिलांत ‘जिवंत सातबारा’ या नांवानें मृत खातेदारांच्या जागीं वारस लावण्याची मोहीम राज्यभर चालविली. मोहिमेंत ज्यांचें राहिलें त्यांस नेहमीच्या रीतीनें अर्ज करण्यास अडचण नाहीं. तो आतां घरून संगणकावरहि करतां येतो. मृत्यूचा दाखला, वारसांचें प्रतिज्ञापत्र, सर्व वारसांचीं नांवें व पत्ते हीं जुळवून ठेवावीं. बहिणींचीं नांवें गाळण्याची जी खोड आपल्यांत आहे ती येथें अंगाशीं येते. वगळलेली बहीण पुढें हरकत घेते, आणि तें न्याय्यच आहे.

आतां नमुना बाराकडे वळूं, कारण बागाईतदाराचें खरें धन तेथें आहे. 3 जून 2020 रोजीं निसर्ग चक्रीवादळानें रायगड जिल्ह्याबरोबर आमच्या दापोली व मंडणगड तालुक्यांस झोडपलें, तेव्हां वीस-तीस वर्षांचे माड व आंब्याचीं कलमें एका दुपारीं भुईसपाट झालीं. नुकसान क्षेत्रावर मोजावें कीं झाडांवर, हा वाद त्या वेळीं झालाच. परंतु त्याच्याहि आधींचा प्रश्न असा, कीं पडलेलें झाड उभें होतें याला पुरावा काय? ज्याच्या बारांत पड किंवा नुसतें गवत लिहिलेलें असेल, त्याची बाजू पंचनाम्याच्या वेळीं लंगडी पडते. पूर्वीं हा दोष तलाठ्याच्या माथीं मारतां येई, कारण पीकपाहणी त्याच्या हातीं होती व अनेक गांवांचा भार असलेला एक माणूस प्रत्येक डोंगरावर चढणार कसा? 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली आणि लेखणी शेतकऱ्याच्याच हातीं आली.

तिची रीत अशी: मोबाइलमध्यें ॲप घेऊन आपलें खातें उघडावें, गट निवडावा, प्रत्यक्ष शेतांत जावें, पीक व क्षेत्र भरून तेथेंच छायाचित्र काढावें. घरीं बसून काढलेलें चित्र चालत नाहीं, कारण मोबाइल आपली जागा स्वतः कळवितो. फळझाडांची संख्या लिहावी. बांधावरचीं झाडें भरण्यासहि निराळी जागा आहे, ती बहुतेकजण रिकामी सोडतात. विहीर असल्यास तीहि दाखवावी. चूक झाल्यास 48 तासांच्या आंत आपल्यास दुरुस्त करतां येते. खाडीच्या खोलगट भागांत रेंज मिळत नाहीं ही तक्रार खरी आहे. अशा वेळीं माहिती शेतांत भरून ठेवावी व वर सड्यावर येऊन पाठवावी. ज्या वृद्धांस हें जमत नाहीं त्यांच्या घरीं शाळेंत जाणारें मूल असतें. त्याला शेत दाखविण्याचें निमित्तहि यानें होईल. हंगामाची मुदत मात्र सरकार दर वेळीं जाहीर करतें, ती चुकवूं नये.

नक्कल करतांना झालेल्या चुकांचा प्रकार निराळा. हस्तलिखित उतारे संगणकावर चढवितांना आडनांवें बदललीं, क्षेत्राचा दशांश सरकला, कुळाची नोंद गळाली, अशीं उदाहरणें गांवोगांव निघालीं, म्हणून 2017 सालीं चावडीवाचनाचा कार्यक्रम घेण्यांत आला. ज्यांच्या उताऱ्यांत अद्याप दोष असेल त्यांनीं जुन्या हस्तलिखित उताऱ्याची व फेरफाराची नक्कल जोडून संहितेच्या कलम 155 खालीं तहसीलदारांकडे अर्ज करावा. हें कलम लेखनदोषापुरतेंच आहे. त्याच्या आधारें भावाभावांतील मालकीचा तंटा तुटत नाहीं. तसेंच कोणताहि फेरफार पडला म्हणजे हरकतीसाठीं पंधरा दिवसांची नोटीस निघते. मुंबईकरांच्या नांवची नोटीस गांवच्या बंद घराच्या दारांत पडून राहते, तेव्हां त्यांनीं आपला आजचा पत्ता व मोबाइल नंबर तलाठ्याकडे लेखी द्यावा आणि वर्षांतून दोनदां तरी आपला उतारा स्वतः काढून पाहावा.

अर्ज कोठेंहि दिला तरी पोंच व तिजवरील क्रमांक घेतल्यावांचून परत येऊं नये. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखालीं जाहीर झालेली सेवा मुदतींत न मिळाल्यास तीस दिवसांच्या आंत पहिलें अपील करतां येतें, पुढें दुसरें, व शेवटीं आयोगाकडे तिसरें. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पांचशें ते पांच हजार रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. अपिलाच्या अर्जांत तोच पोंचेचा क्रमांक व तारीख प्रथम लिहावी लागते.