निळा रंग दिसला, तरी आकडा तपासा

आमच्या प्रयोगशाळेत एका सहकाऱ्याने पेशीपटलातलं एक प्रथिन मोठ्या कष्टाने वेगळं काढलं होतं. ते किती आहे हे मोजायला ब्रॅडफर्ड द्रावण घालताच नळी गडद निळी झाली, रीडिंग भरघोस आलं. त्या भरवशावर जेल चालवलं, तर पट्टे जेमतेम उमटले. निळाई वाढवली होती ती नमुन्यात राहिलेल्या ट्रायटन डिटर्जंटने. तुलनेसाठीचा ब्लँक, म्हणजे प्रथिन नसलेली नळी, मात्र साध्या पाण्याचा होता. पुन्हा मोजायला नमुना फारसा उरला नाही.

मॅरियन ब्रॅडफर्ड यांनी १९७६ साली मांडलेली ही पद्धत सोपी आणि झटपट आहे, म्हणूनच ती डोळे झाकून वापरली जाते. तिच्यातला कुमासी ब्रिलियंट ब्लू जी-२५० हा रंग आम्लात तांबूस-तपकिरी असतो. प्रथिनाला चिकटला की निळा होतो आणि त्याचं प्रकाशशोषण ५९५ नॅनोमीटरला मोजतात. पण हा रंग प्रथिनाचं वजन करत नाही. तो मुख्यतः आर्जिनिन या अमिनो आम्लाला चिकटतो. त्यामुळे सारख्याच वजनाची दोन प्रथिनं वेगवेगळं रीडिंग देतात. बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, जास्त रंग धरतं, कोलॅजन फारच कमी. बीएसए स्टँडर्ड, म्हणजे माहीत तीव्रतेचे नमुने, वापरून काढलेल्या आलेखावर मोजलेली प्रतिपिंडं म्हणूनच प्रत्यक्षापेक्षा कमी भरतात.

नव्याने काम सुरू करणाऱ्यांना माझं सांगणं असं. ब्लँक आणि स्टँडर्ड, दोन्ही नमुन्याच्याच बफरमध्ये करा. प्रतिपिंडं मोजायची असतील तर स्टँडर्ड गॅमा ग्लोब्युलिनचं घ्या. एकच नमुना दोन वेगवेगळ्या प्रमाणांत पातळ करून मोजा. हिशेबाअंती मूळ तीव्रता दोन्हींतून सारखी आली नाही, तर काहीतरी आड येतंय असं समजा. डिटर्जंट टाळता येत नसेल तर बीसीए पद्धत बघा, मात्र तिला डीटीटीसारखी क्षपणक द्रव्यं चालत नाहीत. रंग घातल्यावर किमान पाच मिनिटं थांबा, तासाभराच्या आत वाचन संपवा आणि सगळ्या नळ्यांना सारखाच वेळ द्या. रीडिंग आलेखाच्या वर गेलं तर रेषा अंदाजाने लांबवू नका, नमुना पातळ करा. क्वार्ट्‌झच्या क्युवेटला हा रंग चिकटून बसतो, तेव्हा प्लॅस्टिकची वापरा. द्रावणात फॉस्फोरिक आम्ल असतं, हातमोजे घालाच.

आणि वहीत आकड्याशेजारी स्टँडर्ड कोणतं, बफर कोणतं, हे न चुकता लिहा. त्याशिवाय तो आकडा दुसऱ्या कुणाच्याही उपयोगाचा नाही.