पानगळ बघायची ती अशी

पोरी, एमआयडीसीत नोकरीला लागलीस, रोज येता-जाता रस्त्याकडेची झाडं दिसतील, म्हणून सांगून ठेवतो. आपल्याकडं पानांचे रंग बघायचे दिवस पौष-माघापासून चैत्रापर्यंतचे. दिवाळीत ते शोधू नकोस. तेव्हा परतीच्या पावसाची ओल मुळाशी असते आणि झाडं हिरवीगार असतात. जपानात किंवा अमेरिकेच्या ईशान्य भागात दिवस लहान होऊन गारठा पडला की ऑक्टोबर-नोव्हेंबरातच रानं लाल होतात. आपल्या झाडांना धास्ती गारठ्यापेक्षा कोरडेपणाची. आपलं बारामती-इंदापूर पडलं पर्जन्यछायेत, पाऊस वर्षाला ५००-५५० मिलिमीटरच्या आसपास. जमीन सुकायला लागली की पानांवाटे उडून जाणारं पाणी वाचवायला झाड पानंच टाकून देतं. म्हणून नीरा डाव्या कालव्याच्या कडेचं झाड आणि मुरमाड माळावरचं झाड, जात एकच असली तरी एका वेळी उघडी पडतील असं धरून चालू नकोस. दोन्हीकडं बघत राहा.

पहिला मान देशी बदामाचा, कॉलनीत आणि शाळांच्या आवारात लावतात तो, मोठ्या पानांचा. जानेवारी-फेब्रुवारीत त्याच्या एकाच फांदीवर हिरवं, पिवळं, नारिंगी आणि गडद लाल पान शेजारी शेजारी मिळतं. हे पान सूर्य पाठीशी घेऊन बघायचं नाही. सकाळी ऊन वर आलं की झाडाच्या पश्चिमेला उभी राहा, म्हणजे कोवळं ऊन पानातून आरपार येईल. तो लाल रंग दुपारी बाराला दिसत नाही. दुपारी पान नुसतं वाळल्यासारखं वाटतं आणि लोक म्हणतात, इथं काय बघायचंय!

पानं गळाली म्हणजे रंग संपले असंही समजू नकोस. मला विचारशील तर खरी शोभा पुढंच आहे. फाल्गुनात पिंपळाला नवी पालवी येते ती तांबूस-गुलाबी, जरा वारा आला की सगळं झाड चकाकतं. कडुनिंबाचे कोंब तांबडे निघतात आणि पाडव्यापर्यंत मोहराला येतात. करंज एकदम पोपटी होतो. कोवळ्या पानातला हा तांबडा रंग कडक उन्हापासून त्याला सांभाळतो असं वनस्पतिशास्त्रवाले मानतात. पश्चिमेला भोर-महाबळेश्वरच्या घाटांकडं जायचा योग आला तर मार्चात कुसुंब बघ. त्याची नवी पालवी इतकी लाल असते, की लांबून फुलंच वाटावीत. त्या लालीचे दिवस थोडे असतात. पुढच्या महिन्यात जाऊ म्हणालीस तर हिरवं झाड बघून परत येशील.

आता एक फार कामाचं. उघडं झाड मेलेलं समजून तोडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. पान गळणं हे जिवंत झाडाचं काम आहे. देठाच्या बुडाशी झाड एक पातळ थर तयार करतं, तिथून पान सुटतं आणि मागं स्वच्छ वण राहतो. वणाच्या वरच्या अंगाला बारीक डोळा दिसेल, तो पुढच्या फुटव्याचा. फांदी अचानक मेली तर हा थर तयारच होत नाही; पानं करपून तिथंच लटकत राहतात, ओढली तरी सहज निघत नाहीत. म्हणजे पानं झडलेल्या फांदीपेक्षा वाळकी पानं धरून ठेवलेल्या फांदीची काळजी जास्त करायची. तरी शंका असेल तर बारीक फांदीची साल नखानं जराशी खरवड. खाली हिरवं आणि ओलं लागलं तर झाड जिवंत आहे. कोणी कुऱ्हाड घेऊन आलं तर त्याला हे करून दाखव आणि चैत्रापर्यंत थांबायला सांग.

पिवळेपणही ओळखायला शीक. जुनी पानं आधी पिवळी पडून हात लावताच सुटली, तर ती पानगळ. नवीन शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाहीये. कडा करपल्या तर पाण्यातले-जमिनीतले क्षार तपासून घे.

आणि पाला जाळायचा नाही, कोणालाही जाळू द्यायचा नाही. झाडून ढीग केला की काडी लावायची सवय आहे लोकांना. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ सालीच उघड्यावर कचरा जाळायला मनाई करून ५,००० रुपये दंड सांगितलाय, मोठा ढीग असेल तर २५,०००. जाळण्यापेक्षा त्याचं खत कर. फक्त एक लक्षात ठेव, बिऱ्हाड हलवणारा माणूस आधी दागदागिने काढून घेतो, तसं झाड पान टाकण्याआधी त्यातलं बरंचसं नत्र आणि स्फुरद फांदीत परत ओढून घेतं. म्हणून नुसता पाला लवकर कुजत नाही, त्याला नत्र बाहेरून द्यावं लागतं. सावलीत खड्डा घे किंवा विटांचा हौद कर. वीतभर पाला, त्यावर शेणकाला, थोडी माती, असे थर देत जा. मुठीत दाबल्यावर ओलसर लागावं पण पाणी टपकू नये, एवढीच ओल ठेव. महिन्यातून एकदा वरखाली कर. बदामाची आणि सागाची पानं आधी चुरून घे, नाहीतर पत्रावळीसारखी एकमेकांना चिकटून बसतात आणि आत हवा जात नाही.

उसाच्या पाचटालाही हेच लागू. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. सरीत दाबून त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकलं की खोडव्याला तेच खत होतं.

डाळिंबाचं मात्र वेगळं. इंदापूरकडं बहर धरायला पाणी तोडून, औषध मारून मुद्दाम पानगळ करतात. बागेत तेल्या रोग असेल तर तो पाला खड्ड्यात टाकू नकोस आणि झाडाखाली पडूही देऊ नकोस. रोग त्यातूनही नव्या फुटीवर येतो. असला रोगट पाला गोळा करून बागेबाहेर नेऊन जाळून नष्ट करायचा. न जाळण्याच्या नियमाला मी एवढाच अपवाद धरतो. तोही कृषी विज्ञान केंद्रातल्या माणसाला बाग दाखवून, तेल्याच आहे अशी खात्री झाल्यावर.