आधी पूर विचारा, मग किलोमीटर

जुनी गाडी बघायला गेलं की आमच्या शाहूवाडी तालुक्यातला माणूस पहिल्यांदा विचारतो, "रनिंग किती झालंय?" मग विचारतो, "पासिंग कुठलं?" एमएच ०९ म्हटलं की त्याचं निम्मं समाधान तिथंच होतं. आपल्याच जिल्ह्यातली गाडी, म्हणजे घरचीच. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. आधी विचारायचं ते हे: ऑगस्ट २०१९ मध्ये ही गाडी कुठं उभी होती? आणि जुलै २०२१ मध्ये कुठं?

आमचा तालुका उंचावर, पावसाचा. कासारी नदी इथंच, गजापूरच्या बाजूला उगम पावते आणि पुढं पंचगंगेला मिळते. मलकापूरजवळून वाहणारी कडवी वारणेला मिळते आणि वारणा सांगलीच्या अलीकडं कृष्णेला. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी, नागाळा पार्क अशा भागांत अपार्टमेंटच्या खालच्या पार्किंगमधल्या गाड्या जागच्या जागी बुडाल्या. सांगलीत तेच. जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर पुन्हा पाण्याखाली गेलं आणि त्याच आठवड्यात घाटाखाली वाशिष्ठीनं चिपळूण बुडवलं. म्हणजे गंमत अशी की आमच्या डोंगरात पडलेलं पाणी खाली जाऊन गाड्या बुडवतं आणि त्याच गाड्या धुऊनपुसून वर आमच्याकडं विकायला येतात.

यात बेकायदा असं फारसं काही नसतं. गाडी दुरुस्त करायचा खर्च तिच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर जात असेल तर विमा कंपनी ती 'टोटल लॉस' धरते, मालकाला पैसे मिळतात आणि गाडीचा सांगाडा लिलावात जातो. घेणारा ती स्वस्तात उचलतो, उघडतो, वाळवतो, सीटकव्हर बदलतो, पॉलिश मारतो. आरसी बुकावर 'ही गाडी पुरात होती' असं कुठंही लिहिलेलं नसतं. मालक तोच, नंबर तोच, कागद स्वच्छ.

अशीच एक गाडी माझ्याकडं होती. पांढरी, डिझेल, आत बसल्यावर नव्या सीटकव्हरचा वास. एजंट म्हणाला, "सर, डॉक्टरांची गाडी. दवाखाना ते घर, एवढंच फिरलीय." (जुन्या बाजारातल्या सगळ्या गाड्या खरोखर डॉक्टरांच्या असत्या तर कोल्हापूर जिल्ह्यात पेशंटपेक्षा डॉक्टर जास्त निघाले असते.) बाजारभावापेक्षा किंमत चांगलीच खाली होती आणि इंजिन पहिल्या स्टार्टरला चालू झालं. पुराच्या गाडीचं इंजिन लगेच बंद पडतं, असा आपल्याकडं समज आहे. तसं होत नाही. इंजिन उघडून साफ करता येतं. गाडी खरी मरते ती वायरिंगमधून, आणि तीही सावकाश.

पहिल्या पावसाळ्यात काच आपोआप खाली यायला लागली. आंबा घाटात, धुक्यात, पाऊस आत. मग सेंट्रल लॉक मनाला येईल तेव्हा चालायचं. मग एअरबॅगचा दिवा लागला. दर वेळी एक सेन्सर, एक रिले, एक दिवसाची मजुरी. शेवटी मलकापुरातल्या एका जुन्या फिटरनं ड्रायव्हरच्या सीटचे चार बोल्ट काढले, खालचं कार्पेट उचललं, बोटावर माती घेतली आणि मला दाखवली.

"सर, आपल्याकडं तांबडी माती. ह्यो करडा गाळ नदीचा हाय. पवून आलीया तुमची गाडी."

त्या बोटावरच्या मातीनं मला जे शिकवलं ते कुठल्याही जाहिरातीतल्या 'दोनशे पॉइंट चेकिंग'मध्ये सापडलं नाही. गाडी धुणारा जिथं नजर जाते तिथंच धुतो. म्हणून गावात कुणी गाडी बघायला निघालं आणि मला सोबत घेतलं, तर मी बॉनेटकडं जातच नाही. आधी सीटबेल्ट धरतो आणि पार शेवटपर्यंत बाहेर ओढतो. पट्ट्याचा आतला भाग कुणी धूत नाही, तिथं पाण्याची आडवी रेघ राहते. मग सीट पुढं ढकलून खालची पट्टी आणि तिचे बोल्ट बघतो. पाच-सहा वर्षांच्या गाडीत सीटखालचे बोल्ट तांबेरायचं कारण नाही. उलट ते एकदम कोरे आणि पान्याच्या खुणा असलेले असतील, तर सीट कशासाठी काढली होती ते विचारायचं. मग डिकीतली स्टेपनी उचलून तिच्या खालचा खड्डा. मग डॅशबोर्डखाली मोबाइलची बॅटरी मारून वायरच्या जोडांवर हिरवट थर आहे का. हेडलाइटच्या आत वाफ धरलीय का. आणि सगळ्या काचा बंद करून गाडी थोडा वेळ उन्हात ठेवायची, मग दार उघडून पहिला श्वास घ्यायचा. आत अत्तराचा भपका असेल तर शंका वाढते, कमी होत नाही.

एअरबॅगच्या दिव्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथं भलेभले फसतात. चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे इशाऱ्याचे दिवे लागले पाहिजेत आणि काही सेकंदांत एअरबॅगचा दिवा विझला पाहिजे. दिवा सतत पेटलेला असेल तर दोष आहे, हे सगळ्यांना कळतं. दिवा मुळीच लागत नसेल तर बहुतेकांना बरं वाटतं. खरं तर तेव्हा जास्त सावध व्हायचं. कुणीतरी दिवाच काढून टाकलेला असू शकतो. बऱ्याच गाड्यांमध्ये एअरबॅगचं नियंत्रण करणारा डबा मधल्या कन्सोलखाली, अगदी फरशीलगत असतो. गुडघाभर पाणी आत आलं तरी तो बुडतो.

कागदांतही पूर सापडतो, फक्त आरसीत नाही. मालकाकडं मागच्या चार-पाच वर्षांच्या विम्याच्या पॉलिसी मागा. क्लेम न करणाऱ्याला 'नो क्लेम बोनस' मिळतो: पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. क्लेम झाला की पुढच्या वर्षी शून्य. तेव्हा २०१९ च्या किंवा २०२१ च्या पावसाळ्यानंतरच्या पॉलिसीत हा आकडा एकदम शून्यावर आलेला दिसला, तर त्या वर्षी काय घडलं ते मालकाला विचारायचं. कदाचित फक्त बंपरचा क्लेम असेल. पण सांगताना माणूस अडखळतो का, हे समोर बसूनच कळतं. एक लक्षात ठेवा, हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. मध्ये मालक बदलला असेल तर आकड्यावरून काही ठरवता येत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीची सर्व्हिस हिस्टरी असते. मालकाला सोबत घेऊन ती काढा आणि तारखा व किलोमीटर ओळीनं वाचा. मीटर मागं घेतलेला असेल तर तो इथंच पकडला जातो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटर तीस हजार सांगतोय आणि पाचही टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी धाकटे आहेत, तर हिशेब जुळत नाही.

आता चालवून बघण्याचं. एजंट गाडी मलकापूर–बांबवडे रस्त्यावर सपाटीला फिरवून आणतो आणि एसी गार आहे का विचारतो. सपाटीवर कुठलीही गाडी चांगली चालते. शाहूवाडीत राहणाऱ्या माणसाच्या दारात परीक्षेचं केंद्र असताना ते वापरायचं नाही, याला काय म्हणावं? गाडी आंबा घाटात न्या. सकाळी न्या, आणि मालकाला आधी सांगून ठेवा की इंजिन गरम करून ठेवू नका. त्याच्याकडं पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर थांबा, गार झाल्यावरच चालू करायला सांगा. थंड इंजिन खोटं बोलत नाही. मागं एकानं उभं राहून धूर बघायचा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा दाट धूर, आणि तो गोडसर वासाचा व थांबत नसेल, तर कूलंट आत जातंय. थंडीत सुरुवातीला येणारी वाफ वेगळी, ती लगेच जाते. डिझेलच्या गाडीनं जोरात रेस केल्यावर जरा काळा धूर टाकला तर घाबरू नका, पण चढावर ती सतत काळं ओकत असेल तर इंजेक्टरचा खर्च धरून ठेवा.

घाट साखरप्याच्या दिशेनं उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढा आणि गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर सोडा. गिअर स्वतःहून न्यूट्रलला उडी मारतो का बघा. ब्रेक दाबला की स्टिअरिंग एका बाजूला ओढतं का? खाली वळवून परत चढताना काच खाली करा, क्लच जळल्याचा वास येतो का, टेंपरेचरचा काटा मधून वर सरकतो का. एखाद्या वळणाच्या आधी, सुरक्षित जागी, चढावर हँडब्रेक लावून गाडी थांबवा आणि पुन्हा उचला. मागं घरंगळली तर हँडब्रेक ढिला, फरफरली आणि ओढलीच नाही तर क्लच प्लेट संपत आलीय. विकणारा म्हणतो, "सर, एवढ्या लांब कशाला?" त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे: डिझेल माझं.

आणखी एक गोष्ट विशेष आमच्यासारख्यांसाठी. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ आहेत. त्यातल्या डिझेल गाड्यांना धुराची काजळी अडवणारी जाळी असते. ती जाळी साफ व्हायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. ज्याची गाडी रोज घर ते डेअरी, डेअरी ते शाळा एवढीच फिरणार आहे, त्यानं डिझेलच्या मागं लागू नये. ती जाळी तुंबते आणि बदलायची किंमत ऐकून माणूस खाली बसतो. अशानं पेट्रोल घ्यावं.

आमच्याकडं गाड्या विकत घेतल्या जातात त्या उसाचं बिल जमा झाल्यावर, नाहीतर दसरा-पाडव्याला. मला हे पटत नाही. गाडी बघायची तर भर पावसाळ्यात बघावी. दाराचं रबर, छतातली गळती, वायपर, काचेवरचं धुकं काढणारा पंखा, ओलाव्यात बिघडणारं वायरिंग, सगळं फुकट तपासून मिळतं. मुहूर्त पाहिजेच असेल तर गाडी श्रावणात ठरवा आणि दसऱ्याला घरी आणा.

कागदांचं थोडक्यात. मालकी बदलाची माहिती विकणाऱ्यानं आरटीओला कळवायची, राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर १४ दिवसांत. घेणाऱ्यानं ३० दिवसांत. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नाहीतर गाडी तुमची आणि बोजा दुसऱ्याचा. बेळगाव पासिंगची, म्हणजे केए २२ ची गाडी स्वस्त दिसते, पण तिकडची एनओसी आणि इकडचा कर धरून किंमत काढा. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलीय का तेही बघा. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा तुमच्या नावावर झाल्याशिवाय कामाला येत नाही. १४ दिवसांत विमा कंपनीकडं अर्ज करा.

कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवणारा एजंट हा जुन्या बाजारातला सगळ्यात धोकादायक माणूस. तो गाडी कुणाच्याच नावावर न करता चार हातांतून फिरवतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की गाडी किती जणांना विकली गेली यापेक्षा आरटीओच्या नोंदीत नाव कुणाचं आहे, हे महत्त्वाचं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नावावर येते. तेव्हा विकणाऱ्यालाही घाई असली पाहिजे. २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरनं आरटीओचं प्रमाणपत्र घ्यायचं असतं आणि गाडी ताब्यात घेतल्याचं कळवायचं असतं. त्याच्याकडं ते प्रमाणपत्र आहे का, एवढं तरी विचारा. ताबा देताना-घेताना कागदावर तारखेबरोबर वेळही लिहा, मीटरचा आकडा लिहा, दोघांच्या सह्या घ्या.

आणि काचेवरचा फास्टॅग. तो जुन्या मालकाच्या बँक खात्याला जोडलेला असतो आणि व्यवहाराच्या गडबडीत तो बंद करायचं हमखास राहतं. माझ्या आत्ताच्या गाडीचं सगळं रीतसर झालं होतं, नाव चढलं होतं, विमा बदलला होता. पहिल्यांदाच पुण्याला निघालो आणि किणीचा नाका ओलांडून पुढं तासवड्याला पोचेपर्यंत जुन्या मालकांचा फोन आला.

"सर, चहाला थांबलात तर कळवा. तुमचा टोल मी भरतोय, चहाचंही बघतो."