गोचीड, घोरपड आणि रोगजंतू

गोचीड कुणाला माहीत नाही? ज्यांच्या घरी गाय, बैल, शेळी किंवा कुत्रा आहे त्या सर्वांना माहीत आहे. पण गोचीड घोरपडीच्या आणि सापाच्या अंगावरसुद्धा असतात, हे पुष्कळांना माहीत नसेल. अशा गोचिडांच्या पोटात रोगजंतू असू शकतात. त्याची माहिती मी या लेखात देत आहे. काही माहिती बाईंनी वर्गात सांगितली, काही मी पुस्तकात वाचली आणि काही जनावरांच्या डॉक्टरांना विचारली.

गोचीड म्हणजे काय?

आपण गोचिडाला किडा म्हणतो, पण तो कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात. मोठ्या गोचिडाला आठ पाय असतात. तो कोळी आणि विंचू यांच्या नात्यातला आहे. गंमत अशी की अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहाच पाय असतात. त्याने पहिल्यांदा कात टाकली की आठ होतात.

गोचीड फक्त रक्त पितो. उपाशी असतो तेव्हा तो चपटा आणि तिळाएवढा दिसतो. रक्त पिऊन टम्म फुगला की एरंडाच्या बीसारखा दिसतो. पोट भरले की मादी खाली पडते. गोठ्याच्या भेगेत किंवा दगडाखाली ती हजारो अंडी घालते आणि मरते.

गोचिडाला पंख नसतात. त्याला उडी मारता येत नाही. मग तो अंगावर येतो कसा? तो गवताच्या शेंड्यावर चढतो आणि पुढचे पाय पसरून वाट बघत बसतो. जनावर घासून गेले की पटकन चिकटतो. कात टाकायला काही जातींचे गोचीड खाली उतरतात आणि मग दुसऱ्या जनावरावर चढतात. काही जाती मात्र सगळा जन्म एकाच जनावरावर काढतात.

रोगजंतू कसे पसरतात?

रोगजंतू इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. आजारी जनावराचे रक्त पिताना ते गोचिडाच्या पोटात जातात. तोच गोचीड दुसऱ्या जनावराला चावला की त्याच्या लाळेतून जंतू तिकडे जातात. न धुतलेल्या सुईने एकामागून एक इंजेक्शन दिल्यासारखेच ते होते. काही जंतू तर मादीच्या अंड्यातून पिल्लांतही उतरतात.

गुरांना यामुळे गोचीडताप होतो. दुसऱ्या एका रोगात जनावराची लघवी लाल होते. संकरित गाईंना हे रोग जास्त बाधतात. मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीवरच्या एका घरची दुभती गाय गोचीडतापाने गेली. त्या घरचा दुधाचा पैसा बंद झाला.

घोरपड आणि सापावरचे गोचीड

आपल्या गावाला घोड नदी आहे, उसाचे रान आहे, दगडी बांध आहेत. तिथे घोरपड, धामण, नाग हे सगळे राहतात. त्यांचे अंग खवल्यांचे असते. खवल्यांच्या फटीत तोंड खुपसून गोचीड बसतो. या गोचिडाची जात गुरांच्या गोचिडाहून वेगळी आहे. शास्त्रज्ञ तिला अँब्लिओमा गर्व्हेसी म्हणतात. पुण्याच्या बाजूच्या सह्याद्रीत संशोधकांनी दीडशेहून जास्त साप तपासले. तो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यांना धामण आणि नाग यांच्या अंगावर हे गोचीड सापडले.

हा गोचीड सहसा खवल्यांच्या प्राण्यांवरच राहतो. मग माणसाला त्याची भीती आहे का? याचे उत्तर समजायला दूरचे एक उदाहरण बघू. ऑस्ट्रेलियाजवळ फ्लिंडर्स नावाचे बेट आहे. तिथल्या माणसांना उन्हाळ्यात ताप यायचा, डोके दुखायचे आणि अंगावर पुरळ उठायचे. तिथल्या डॉक्टरांनी १९९१ साली या तापाची माहिती छापली. पुढे शोध लागला की हा जंतू सरडे आणि साप यांच्यावरच्या गोचिडांत राहतो. गोचीड माणसाला चावला की ताप येतो.

दुसरे उदाहरण क्यू तापाचे. याचे जंतू गोचिडांत सापडतात. भारतात १९७९ साली छापलेल्या एका अभ्यासात उत्तर प्रदेशातल्या सापांच्या रक्तातही या जंतूच्या खुणा सापडल्या. पण माणसाला क्यू ताप बहुतेक वेळा शेळ्या, मेंढ्या आणि गाईंपासून होतो. त्यांच्या वारेतून, गोठ्यातल्या धुळीतून आणि कच्च्या दुधातून जंतू येतात. म्हणून दूध उकळूनच प्यावे.

आपल्या महाराष्ट्रातही गोचिडामुळे माणसे आजारी पडली आहेत. माकडतापाचा शोध १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात लागला. त्याचा विषाणू पुण्याच्या विषाणू संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ओळखला. २०१६ साली हा ताप सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यात आला. तो जंगलातल्या गोचिडांमुळे होतो. घोरपडीचा त्यात काही संबंध नाही.

मग घोरपड मारायची का?

मुळीच नाही! जंतू घोरपडीने मुद्दाम आणलेले नसतात. गोचीड तिलाही त्रासच देतो. धामण तर उंदीर खाऊन आपले धान्य वाचवते. शिवाय घोरपड पकडणे, मारणे आणि खाणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आणि बरं का, घोरपड मारणाऱ्याचाच हात तिच्या रक्ताला आणि गोचिडांना लागतो. म्हणजे तिला मारून धोका कमी होत नाही, उलट जवळ येतो. तिला तिच्या वाटेने जाऊ द्यावे.

खरी काळजी आपल्या गोठ्यात घ्यायला पाहिजे. आमची आजी बैलाचा गोचीड काढून नखावर चिरडते. मी म्हणाले, "आजी, चिरडू नको." ती म्हणाली, "इतकी वर्षं चिरडतेय, मला काय झालंय?" मग मी तिला तिच्या बोटावरची विळ्याची चीर दाखवली. गोचिडाचे रक्त त्या चिरेतून आत जाऊ शकते. आता आम्ही घरात एक चिमटा ठेवला आहे.

हे लक्षात ठेवा

१. गोचीड बोटांनी चिरडू नका. चिमट्याने काढून चुलीत टाका.
२. आपल्या अंगाला गोचीड चिकटला तर चिमट्याने कातडीजवळ धरून हळूच सरळ ओढा. पिळू नका.
३. त्यावर रॉकेल ओतू नका आणि विडीचा चटका देऊ नका.
४. नंतर ती जागा आणि हात साबणाने धुवा.
५. गोचीड चावल्यावर काही दिवसांत ताप आला तर दवाखान्यात जा आणि गोचीड चावला होता हे डॉक्टरांना सांगा.
६. गवत कापून आल्यावर अंग आणि कपडे तपासा.
७. गोठ्याच्या भेगा बुजवा. गोचिडाचे औषध जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच लावा, कारण ते विषारी असते.
८. मेलेल्या घोरपडीला किंवा सापाला हात लावू नका.

सांगा पाहू!

१. गोचिडाच्या पिल्लाला किती पाय असतात?
२. गोचीड नखावर का चिरडू नये?
३. तुमच्या गोठ्यात भेगा कुठे आहेत? आज घरी जाऊन बघा.

– इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, इनामगाव