डब्यातलं बिऱ्हाड

गांडुळं उपाशी मरत नाहीत गं, अजीर्णाने मरतात. एवढं एक ध्यानात ठेवलंस तर बाकीचं अर्धं विसरलीस तरी चालेल. नवीन माणूस हौसेने पहिल्याच दिवशी आठवड्याची सालं डब्यात ओततो. ती तापतात, आंबतात, घाण मारतात आणि बिचारी गांडुळं झाकणाच्या फटीतून वाट काढतात. मग सगळीकडे सांगत सुटायचं, फ्लॅटमध्ये गांडूळखत जमत नाही. जमतं. फक्त आग्रह करकरून वाढायची आपली सवय इथे आवरावी लागते.

मुळात त्यांना दात नाहीत. ताजं गाजर पुढ्यात टाकलंस तर ती वळसा घालून जातील. ते मऊ पडलं, त्यावर बुरशी आणि जिवाणू धरले, की मग तो मऊ भाग त्या जिवाणूंसकट पोटात जातो. म्हणजे तू जेवण वाढत नसतेस, विरजण लावत असतेस. पहिलं लागल्याशिवाय दुसरं लावायचं नाही. डब्याचा एक कोपरा धर, तिथे वाटीभर बारीक चिरलेली सालं पुर, वर दोन बोटं कोरडा कागद-पाचोळा पसर. पुढच्या खेपेला शेजारचा कोपरा. फिरून पहिल्या कोपऱ्याशी येशील तेव्हा तिथलं नाव-निशाण उरलं नसेल तर तुझं प्रमाण बरोबर. भोपळ्याची साल जशीच्या तशी दिसली, तर दोन-तीन दिवस हात आखडता घे. वार लावून घालायचं नाही, डबा उघडून बघून घालायचं.

आता आणायची कुठली? बागेतली, पावसाळ्यात जिन्यावर येणारी उचलून आणू नकोस. ती मातीत खोल बीळ करून राहणारी, त्यांना उथळ डबा मानवत नाही. आपल्याला पाचोळ्यात, शेणात, वरच्या थरात राहणारी लागतात. आपल्याकडे दोन जाती जास्त मिळतात. आयसेनिया फेटिडा ही लालसर, बारीक, अंगावर पट्टे असलेली. थंडी सोसते, घरच्या डब्याला फार गुणी. युड्रिलस युजिनी ही मूळची पश्चिम आफ्रिकेतली, चांगली लांबलचक, खायला दांडगी, उकाडा बरा सोसते, पण कडक थंडीत गारठते आणि मनासारखं नसलं की पळायला बघते. मला विचारशील तर पुण्याच्या फ्लॅटला पहिलीच. कृषी महाविद्यालयात नाहीतर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी कर. किलोवर मिळतात, तुम्हा तिघांना अर्धा किलो रग्गड झालं. जागा आणि अन्न असेल तेवढी ती आपली आपण वाढतात.

डबा खोल नको, पसरट हवा. फूटभर उंची पुरे, कारण ही मंडळी वरच्या थरातच वावरतात आणि खोल डब्यात खालचा भाग दबून हवा कोंडते. तळाला आणि बाजूंना भोकं, खाली ताटली. भाजीवाल्यांकडचा जुना क्रेट आत गोणपाट लावून छान चालतो. तडकलेला माठ असेल तर तो टाकू नकोस, उन्हाळ्यात प्लॅस्टिकपेक्षा मातीच गार राहते.

अंथरुणाला कंजूषी करायची नाही. भिजवून पिळलेला नारळाचा काथ्या (आधी दोन पाण्यांत धुऊन घे, त्यात मीठ असतं), वर्तमानपत्राच्या बोटभर रुंद पट्ट्या, वाळका पाला, आणि मिळालं तर जुनं, वास गेलेलं शेण. ताजं शेण तापतं, ते नको. गुळगुळीत रंगीत पुरवण्या रद्दीत जाऊ देत, साधा कागद फाड. सोसायटीत सकाळी पाला झाडून जाळतात ना, तो पोतंभर मागून घे. आमच्या पिढीतल्या पुष्कळ गच्चीवाल्यांना पाचोळ्याचं वेड कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने लावलं. ते लोक पाला जाळणाऱ्याला अडाणीच म्हणायचे, आणि मीही म्हणते. मूठभर बारीक रेती किंवा जुनी माती मिसळायला विसरू नकोस. दात नसल्यामुळे पोटातल्या जात्याला ती लागते.

ओल किती? आतला मूठभर ऐवज घट्ट दाबायचा. एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक. धार लागली तर कागद फाडून घाल. थेंबच नाही आणि हातात भुगा झाला, तर पाण्याचा हबका मार. गांडूळ कातडीने श्वास घेतं, आणि ती कातडी ओली असली तरच. कोरडं पडलं तर गुदमरतं, पाण्यात बुडून राहिलं तरी हवा संपून मरतं.

त्याच कातडीमुळे मीठ वर्ज्य. आपल्याला चवीपुरतं असलेलं मीठ त्यांना जाळतं. म्हणून उरलेली आमटी, फोडणीचा भात, लोणच्याच्या फोडी, चिवड्याचा चुरा काही म्हणजे काही घालायचं नाही. तेल-तूप, दही, मासळी, मटण तर नाहीच, त्याने उंदीर आणि घाण दोन्ही घरी येतील. लिंबा-मोसंबीच्या सालींत तेल असतं, ते त्यांना बाधतं, त्या सालींनी तू भांडी घास. कांदा-लसणाची सालं अगदी बेताने. भाज्यांची देठं, मटारच्या शेंगा, केळीची सालं, कोथिंबिरीच्या काड्या, कलिंगड, पपई हे सगळं त्यांच्या आवडीचं. चहाच्या चोथ्याचं मात्र ऐक. पुस्तकात लिहिलेलं असतं, चहाचा चोथा घाला. ते बिनदुधाच्या चहाचं. आपण साखर-दूध घालून उकळतो. तो चोथा तसाच गेला की तासाभरात मुंग्यांची रांग, वर आंबट वास. गाळणीतच नळाखाली धुऊन, दाबून मग घाल.

केळीच्या सालीवर चिलटांची अंडी बहुतेक वेळा बाजारातूनच येतात. साल धुऊन, चिरून, डब्यात भरून फ्रीझरमध्ये रात्रभर ठेव. अंडी मरतात आणि गोठून सुटल्यावर साल लवकर मऊही पडते. गार असताना घालू नकोस, घरच्या हवेला येऊ दे. सासूबाईंना फ्रीझरमधला डबा दाखवून ठेव, नाहीतर एखाद्या दिवशी भाजी म्हणून बाहेर यायचा.

निर्माल्य चालतं, पण दोरा, जरी, प्लॅस्टिकची फुलं काढून, आणि कुंकू-गुलाल झटकून. गणपतीच्या दिवसांत घरभर हार असतात, ते सगळे एकदम डब्यात कोंबू नकोस. गच्चीवर पसरून वाळव, पुढे महिनाभर अंथरुणाला होतील. मेमधल्या कोयी आणि फणसाची सालं डब्यासाठी नाहीत. कोय तिथे वर्षभर ठाण मांडून बसते.

वासावरून रोग ओळखायला शीक. चांगल्या डब्याला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. आंबट वास म्हणजे जास्त घातलंस. सडक्या अंड्याचा वास म्हणजे पाणी झालं आणि हवा कोंडली. डोळ्यांना झोंबणारा वास म्हणजे हिरवं फार, कोरडं कमी. तिन्हींवर पहिला उपाय एकच: खाऊ बंद, भरपूर फाटका कागद, हलक्या हाताने वर-खाली करणं. आंबट असेल तर अंड्याची टरफलं वाळवून, मिक्सरमध्ये पूड करून चमचा-दोन चमचे भुरभुर. घरात अंडी होत नसतील तर शेतीचा चुना चिमूटभर. पानाचा चुना मात्र चुकूनही नको, तो दाहक असतो.

किड्यांना घाबरू नकोस, त्यांची ओळख करून घे. उड्या मारणारे बारीक पांढरे किडे निरुपद्रवी, तेही कुजवायलाच मदत करतात. दोऱ्यासारखे पांढरेशुभ्र किडे म्हणजे गांडुळाची पिल्लं नव्हेत, डबा आंबट आणि ओला झाल्याची ती खूण. पिल्लू फिकट गुलाबी असतं आणि पातळ कातडीतून रक्ताची तांबडी रेघ दिसते. लिंबाच्या आकाराचे, मोहरीहून थोडे मोठे, पिवळट दाणे दिसले तर ते कोष. एकेका कोषातून दोन-तीन पिल्लं निघतात. भिंगाखाली धरून बघ, जावईबापूंनाही दाखव. एकदा कोष बघितला की माणूस डब्याला नावं ठेवत नाही. मुंग्या झाल्या तर डबा कोरडा पडलाय असं समज. ओल वाढव आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेव. मुंग्यांचा खडू, झुरळांची फवारणी डब्याच्या आसपास नको. घरात पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी डबा शेजारी पाठव.

पहिल्या एक-दोन रात्री ती झाकणावर चढतील. वरचा दिवा चालू ठेव, उजेडाला भिऊन खाली बसतात. पावसाळी हवेत थोडी भटकतातच, त्यात तुझा दोष नाही. पण सगळीच्या सगळी भिंतीला लागली तर आत नक्की काहीतरी बिघडलंय, आधी हात घालून ऊब बघ. आणि डबा वॉशिंग मशिनवर ठेवू नकोस. डार्विनने १८८१ साली गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याने घरात कुंड्यांमध्ये ती पाळली होती. शिट्टी वाजवली, शेजारी पियानो वाजवला, ती ढिम्म. पण कुंडी पियानोवरच ठेवून पट्टी दाबली, की झटक्यात बिळात. ऐकू येत नाही, हादरा मात्र कळतो. म्हाताऱ्याने हे सगळं सत्तरी उलटल्यावर छापलं, म्हणून तो मला जास्त आवडतो.

उन्हाळा ही खरी परीक्षा. पस्तिशीच्या वर पारा गेला की ती मरायला लागतात, आणि बंद डब्यात हवेपेक्षा जास्तच तापतं. मार्चपासून डबा आत घे, ओट्याखाली किंवा न्हाणीघराच्या बोळात. वर ओलं गोणपाट. खाऊ निम्म्यावर आण, कारण कुजताना उष्णता निघतेच. फार काहिली झाली तर पाण्याची बाटली गोठवून एका बाजूला ठेव, म्हणजे ज्यांना गारवा हवा ती तिकडे सरकतील. नागपूरच्या नणंदेला सांगशील तर एवढ्यानेही भागणार नाही म्हणून सांग. तिने माठात, तळमजल्यावर, तेही दाट सावलीत ठेवावं.

गावाला जाताना शेजारणीला 'जरा खायला घाल' म्हणून सांगून जाऊ नकोस. माया म्हणून ती अख्खी भाजीची पिशवी रिकामी करेल. भरपूर ओला कागद, एक कलिंगडाची फोड, वर गोणपाट. दोन-तीन आठवडे बिनघोर जा. खायला काही नसलं तर ती कागदावर भागवतात.

तीन-चार महिन्यांनी तळाला काळं, भुसभुशीत, चहाच्या पत्तीसारखं खत दिसेल. उजेडात प्लॅस्टिकवर छोटे छोटे ढीग कर. दहा मिनिटांत गांडुळं बुडाशी जातात. वरचं खरवडून घे, पुन्हा थांब, पुन्हा घे. शेवटी हातात गुंता उरेल, तो नव्या अंथरुणात. खत कडक उन्हात वाळवू नकोस, सावलीत ओलसर राहू दे. कुंडीला मूठ-दीड मूठ पुष्कळ. नुसत्या खतात रोप लावू नये. या डब्यात बी भाजेल एवढी उष्णता होत नाही, म्हणून बिया मरत नाहीत. तुळशीच्या कुंडीत टोमॅटो उगवला तर चकित होऊ नकोस. ताटलीत गळणारं काळं पाणी म्हणजे औषध नव्हे. वास नसेल तर दहापट पाणी घालून झाडाला, वास असेल तर सरळ मोरीत. आणि गळतंय याचा अर्थ तुझा डबा ओला आहे.

मिळकतकराचं बिल आलं की बघ, पुणे महापालिका गांडूळखत, सौर ऊर्जा, पर्जन्यजल यांतलं एक केलं तर ५ टक्के आणि दोन केलीत तर १० टक्के सवलत देते. सोसायटीच्या सभेत हा विषय काढ, पैशाचं ऐकून मंडळी जागी होतात. पण सवलत चालू डब्याला आहे, नुसत्या डब्याला नाही.

सासूबाईंना किडे घरात नकोत म्हणतेस, तर त्यांच्याशी वाद घालू नकोस. पहिलं खत त्यांच्या मोगऱ्याला घाल आणि गप्प बस.

गांडुळं फार झाली की कुणीतरी मागेलच. नुसती गांडुळं मोजून देऊ नकोस. त्यांच्या अंथरुणासकट, कोष-पिल्लांसकट दोन ओंजळी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून, झाकणाला भोकं पाडून, संध्याकाळी दे. आणि घेणाऱ्याला बजाव, पहिला आठवडा काही घालू नकोस म्हणून. तो ऐकणार नाही, तू तरी कुठे ऐकणार आहेस. पण सांगून ठेव.